ट्रोम्सोला हिवाळ्यात जायचंय? मोपा विमानतळाला निघण्याआधी हे वाचा

गोव्यात आमच्या मांद्र्याच्या घरात दोन खोल्या आम्ही टुरिस्टांना देतो, आणि त्यातल्या एकीत दर डिसेंबरात उत्तर नॉर्वेतलं एक रिटायर्ड जोडपं येतं, सहा आठवडे राहतं, रोज सकाळी पोईसोबत पातळ भाजी खातं आणि उन्हात भाजून लालबुंद होऊन परत जातं. त्यांना एकदा म्हटलं आम्हाला तुमचा हिवाळा बघायचाय, तर दोघं एकमेकांकडे बघून हसायलाच लागले, आम्ही ज्याच्यापासून पळून येतो त्याचे तुम्ही पैसे देणार? तर हो, दिले. मागच्या जानेवारीत मी, बायको आणि फोंड्याची मावशी (वय ६३, गुडघे दुखतात, हौस दांडगी) असे तिघं सहा रात्री उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला राहून आलो, आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कोणाचा ना कोणाचा फोन असतो की सांग रे काय बघायचं, कपडे काय घ्यायचे, आणि ते आकाशातले हिरवे लाइट खरंच दिसतात का. एकदाच नीट लिहून टाकतो.

लिहितात ट्रोम्सो, तिथले लोक म्हणतात ट्रुम्सो. आर्क्टिक वर्तुळाच्याही साधारण ३५० किलोमीटर उत्तरेला. शहराचा मुख्य भाग एका बेटावर आहे, आपलं दिवाडी-चोडण कसं तसं, फक्त फेरीबोटीची वाट बघायला नको, दोन्ही अंगांना पूल आहेत. इतक्या वर असूनही बंदर गोठत नाही कारण अटलांटिकमधला गरम पाण्याचा प्रवाह तिथपर्यंत पोचतो, म्हणून जानेवारीतसुद्धा शहरात सरासरी उणे तीन-चारच असतं. लोकांना वाटतं उणे तीस. उणे तीसची भीती सोडा, त्या गावात खरा त्रास वाऱ्याचा, ओल्या बर्फाचा आणि घसरण्याचा आहे, त्यावर खाली बोलू.

कधी जायचं

साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. पण म्हणजे दिवसरात्र अमावास्या असं नव्हे, सकाळी नऊ-दहापासून दुपारी दोनपर्यंत एक निळा उजेड असतो, आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं जो असतो ना तो, फक्त चार तास चालणारा, आणि खाली सगळं पांढरं त्यामुळे तोच उजेड दुप्पट वाटतो. घराघरात खिडकीत दिवा ठेवलेला असतो. मला हे फार आवडलं, बायकोला तिसऱ्या दिवशी कंटाळा आला, तेव्हा आपापला स्वभाव बघून ठरवा. डोंगर आडवे असल्यामुळे शहरातून सूर्य दिसतो तो २१ जानेवारीच्या सुमारास, आणि त्या दिवशी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे सोलबोले नावाचे गोड तळलेले बन खातात. आपली संक्रांत आटोपून जेमतेम आठवडा झालेला असतो, मावशीने पर्समधून तिळाच्या वड्या काढून बेकरीतल्या पोरीला दिल्या आणि तिला मराठीतच सांगितलं, गोड बोल गो. ती पण हसून घेऊन बसली.

देवमासे बघायचे असतील तर नोव्हेंबर ते जानेवारी, दुसरा पर्यायच नाही. देवमाशांचं नाही पडलेलं, पण बर्फात कुत्र्यांची गाडी, डोंगर, फोटो, आणि रात्री लाइट पण हवेत, तर फेब्रुवारी-मार्च. तेव्हा दिवस झपाझप मोठा होतो आणि बर्फ सगळ्यात जास्त साचलेला असतो (तिथला रेकॉर्ड २४० सेंटिमीटर, तो तर २९ एप्रिल १९९७ चा आहे). म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर माझं मत सरळ मार्च. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर रात्रच पुरेशी काळी होत नाही.

नॉर्दर्न लाइट्स: घाटाची गोष्ट समजून घ्या

हा भाग नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सूर्याकडून येणारे कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने ध्रुवाकडे ओढले जातात आणि शंभर किलोमीटरच्या वर हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात, त्याचा तो प्रकाश. हिरवा ऑक्सिजनचा, खूप उंचावरचा लाल पण ऑक्सिजनचाच, जांभळा-गुलाबी नायट्रोजनचा. हे जिथे होतं तो पट्टा ध्रुवाभोवती कंकणासारखा असतो आणि ट्रोम्सो बरोब्बर त्या कंकणाच्या खाली येतं. म्हणून अॅपवर तो केपी नंबर (चुंबकीय हालचाल किती जोरात आहे त्याचा आकडा) बघत बसू नका, तो खालच्या देशांतल्या लोकांसाठी ठीक आहे, ट्रोम्सोत केपी एक-दोन असतानाही आकाश नाचतं. लाइट असतात हो, ढग आड येतात.

आणि ढगांचं गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. जुलैत पेडण्यात धो धो, आंबोलीत समोरचा माणूस दिसत नाही आणि घाट ओलांडून बेळगावच्या पुढे गेलं की रस्ता कोरडा, हे आपण लहानपणापासून बघतोय. तिथे पण तेच. समुद्रावरून ढग येतात, किनाऱ्याच्या डोंगरांवर सांडतात आणि पलीकडे, शहरापासून शंभरेक किलोमीटरवर स्किबोटनच्या खोऱ्यात किंवा त्याहून पुढे फिनलंडच्या हद्दीत किल्पिसयार्वीला, आकाश मोकळं. स्किबोटनची हवा इतकी कोरडी की युनिव्हर्सिटीची वेधशाळाच तिथे आहे. तेव्हा टूर घेताना एकच गोष्ट बघायची, ही गाडी घाट ओलांडते का.

आमची पहिली रात्र याच्यातच गेली. स्वस्त म्हणून मोठी बस घेतली, पन्नास माणसं, तासाभरावर एका पार्किंगमध्ये नेऊन उभी केली, वर ढग, खाली ढग, आम्ही तीन तास बिस्किटं खात उभे आणि गाइड दर अर्ध्या तासाने सांगतोय की अजून चान्स आहे. मी स्वतः टुरिस्टांमधला माणूस, आमच्याकडे डॉल्फिन ट्रिपवाले नो डॉल्फिन नो मनी म्हणतात आणि मग लांबवर एक पाठ दाखवून पैसे घेतात, त्यामुळे हा सूर मला ओळखीचा होता. तिथे बहुतेक ठिकाणी लाइट नाही दिसले तर पैसे परत वगैरे नसतं, हे बुक करतानाच वाचून घ्या.

दुसरी रात्र झोपलो, कारण वारा एवढा की बाहेर जाण्यात अर्थच नव्हता. तिसऱ्या दिवशी आठ सीटवाली छोटी गाडी घेतली आणि बुक करण्याआधी चार प्रश्न विचारले: किती माणसं, आजचा ढगांचा अंदाज बघून तुम्ही दिशा ठरवता का, गरज पडली तर फिनलंडपर्यंत जाता का, आणि परतायची वेळ ठरलेली आहे की आकाशावर आहे. चारही उत्तरं सरळ आली तर पैसे द्या. माणशी दीड-दोन हजार क्रोन, कधी जास्तच, म्हणजे आपले तेरा-चौदा हजारांपासून पुढे, हे कडू आहे पण दोन स्वस्त बस घेऊन काहीच न दिसण्यापेक्षा हेच स्वस्त पडतं. पासपोर्ट खिशात ठेवा कारण सीमा ओलांडता.

संध्याकाळी सहाला निघालो, गाइड सतत फोनवर ढगांचा नकाशा बघत होता, अडीच तास काळोखात गाडी, मावशी डुलक्या काढत होती, आणि सीमेच्या थोडं अलीकडे त्याने गाडी बाजूला घेऊन दिवे बंद केले. उणे बावीस. आधी वाटलं ढगाची पांढरी पट्टी आहे, राखाडी, काही खास नाही, मी तर मनात म्हटलं याच्यासाठी आलो? हे लक्षात ठेवा, मंद असताना डोळ्याला रंग दिसत नाही, कॅमेऱ्यात हिरवा येतो, डोळ्याला धूर. आणि मग ती पट्टी एका टोकाकडून पेटल्यासारखी झाली, हिरवी, खालच्या काठाला गुलाबी, आणि पडदा वाऱ्याने हलावा तशी डोक्यावरून सरसर गेली, आवाज काहीच नाही. पाच-सात मिनिटं. दशावतारात पडद्यामागून राक्षस यायच्या आधी सगळे कसे गप्प होतात तसं झालं. मावशीने हात जोडले, मग म्हणाली, "बाबू, फोटो मागीर काढ रे, आधी बघ." बरोबर बोलली.

तरी फोटो काढायचाच आहे ना. मोबाइल असेल तर नाइट मोड, छोटा ट्रायपॉड, टायमर लावून हात न लावता क्लिक. कॅमेरा असेल तर लेन्स जितकी उघडते तितकी उघडी, फोकस मॅन्युअल करून दूरच्या ताऱ्यावर, आयएसओ १६०० ते ३२००, शटर पाच ते पंधरा सेकंद, लाइट जोरात नाचत असतील तर त्याहून कमी. बॅटरी थंडीत बघता बघता उतरते, जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाला लावून ठेवा. आणि परत गरम खोलीत आल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढू नका, बॅग बंद ठेवूनच दोन-तीन तास जाऊ द्या नाहीतर आतून-बाहेरून पाणी धरतं. पावसात लेन्सला बुरशी आलेल्या गोंयकाराला हे वेगळं सांगायला नको, सिलिका जेलच्या पुड्या घेऊन जा.

अजून एक कोणी सांगत नाही ते: मध्यरात्री त्या रानात टॉयलेट नसतं. निघताना हॉटेलात, वाटेत पेट्रोल पंपावर थांबेल तिथे, गरज असो नसो, जाऊन या.

पैसे संपले असतील आणि आकाश मोकळं असेल तर शहरातल्या शहरात पण जमतं. बेटाच्या माथ्यावर प्रेस्तव्हान्ने नावाचं तळं आहे, हिवाळ्यात गोठलेलं, तिथे दिवे कमी आहेत. किंवा दक्षिण टोकाला तेलेग्राफबुक्ता हा किनारा. ढगांसाठी वायआर डॉट नो ही तिथल्या हवामान खात्याची साइट बघायची, लोक तिच्यावरच चालतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री मोकळ्या ठेवा. पाच रात्री असतील तर आधीच बुकिंग करून एकाच रात्रीवर डाव लावू नका, आमच्यासारखं हवामान बघून सकाळी ठरवा. ऐन गर्दीत, म्हणजे नाताळ ते फेब्रुवारी, छोट्या गाड्या आधीच भरतात, तेव्हा पहिल्या किंवा दुसऱ्या रात्रीची एक बुक करून बाकी चार मोकळ्या ठेवायच्या.

कपडे आणि चालणं

जीन्स नको. कॉटन काहीच नको, एकदा ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. अंगाला चिकटून लोकरीचं बनियन-पायजमा, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पँट. मोजे लोकरीचे, बूट एक नंबर मोठे, कारण दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर बोटं आधी गार पडतात. टोपी कान झाकणारी. हातमोज्यांचे दोन जोड, आत पातळ, बाहेर जाड. जाड ओव्हरऑल आणि बूट विकत घेऊ नका, कुत्र्यांच्या, देवमाशांच्या आणि बऱ्याच लाइट्सच्या टूरमध्ये ते लोक देतात. मापुशात शोधत फिरलो तर आम्हाला लोकरीचं बनियन कुठेच मिळालं नाही, शेवटी ऑनलाइन मागवलं, तेव्हा महिनाभर आधी बघा.

बर्फापेक्षा बर्फ वितळून परत गोठल्यावर जी काच होते ती वाईट. शहराचा मुख्य रस्ता सोडला की फुटपाथ म्हणजे जूनमधलं शेवाळलेलं अंगण समजा. तिथे ब्रोडर नावाचा प्रकार मिळतो, रबराचं जाळं आणि खाली लोखंडी खिळे, बुटावर चढवायचे. पहिल्याच दिवशी घ्या, पोचल्या पोचल्या, हॉटेलात सामान टाकायच्या आधी म्हणतो मी. मी शहाणपणा केला, तिथल्या आज्ज्या खिळे न लावता तुरुतुरु चालतायत मग मला कशाला, आणि दुपारीच उताराला असा आपटलो की दोन दिवस बसताना आठवण येत होती. मावशीने खिळे लावले होते, ती माझ्याकडे बघून पुढे गेली. दुकानात शिरताना मात्र काढा, फरशीवर तेच खिळे घसरतात.

गाडी भाड्याने घ्यायचा मोह होईल. बर्फावर कधी चालवली नसेल तर घेऊ नका. चोर्ला घाट रात्री उतरवणारे माझे मित्र आहेत, त्यांनाही हेच सांगतो.

कुत्र्यांची गाडी

लाइट्सनंतर मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. बहुतेक फार्म पश्चिमेच्या क्वालोया बेटावर, शहरातून गाडी घेऊन जाते. आपण पिक्चरमध्ये बघतो ते निळ्या डोळ्यांचे झुपकेदार हस्की मनात असतील तर ते नाहीत, इथले अलास्कन हस्की, सडपातळ, कोणी काळा, कोणी पिवळा, एखादा तर अगदी आमच्या गल्लीतल्या कुत्र्यासारखा. एका गाडीला दोन माणसं, एक बसलेला, एक मागे उभा राहून हाकणारा, मध्ये अदलाबदल. बांधल्यापासून ती कुत्री जी काय किंचाळतात, उड्या मारतात, दोरी चावतात, वाटतं ही आता वेडी होणार. बर्फात रुतवलेला लोखंडी आकडा काढला आणि ब्रेकवरचा पाय उचलला की एका क्षणात सगळी चूप. फक्त धाप आणि पट्ट्या बर्फावर घासल्याचा आवाज. पळता पळताच हगतात पण, बसलेल्याने तोंडावर मफलर ओढून घ्यावा.

हाकायचं असेल तर लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच. चढाला एक पाय खाली टेकून ढकलायचं, कुत्री मागे वळून बघतात की हा मदत करतोय का, खरंच बघतात. वळणाला वजन आतल्या बाजूला, स्कूटरसारखं. उतारात ब्रेक, नाहीतर गाडी कुत्र्यांच्या पायात जाते. आणि उलटलात तरी दांडा सोडायचा नाही, कारण कुत्री थांबत नाहीत, बायको पुढे बसलेली असेल तर तिला घेऊन निघून जातील. मावशीसारखी माणसं नुसती बसून जाऊ शकतात, गाइड हाकतो, तसं आधी सांगायचं. पाठ किंवा मणक्याचं दुखणं असेल तर मात्र नको, दणके बसतात.

देवमासे

हेरिंग म्हणजे आपल्या तारल्याच्या कुळातला मासा, त्याचे प्रचंड थवे हिवाळ्यात उत्तर नॉर्वेच्या खाड्यांमध्ये येतात आणि त्यांच्यामागे ओर्का आणि हंपबॅक. पूर्वी काही वर्षं ते ट्रोम्सोच्या जवळच येत होते, आता हेरिंग आणखी उत्तरेला सरकला त्यामुळे बोटी शेर्व्होय या गावाकडे जातात, जायला तीन तास, यायला तीन. मासा कुठे जाईल ते माशाच्या मर्जीवर, बांगडा कमी झाला की आपले रापणकर कसे देवाला नारळ ठेवतात, तसंच.

दोन प्रकारच्या बोटी. मोठी, आत गरम केबिन, कॉफी; आणि रबराची फास्ट बोट, ज्यात जाड सूट घालून उघड्यावर बसायचं. आम्ही मोठी घेतली आणि मावशीमुळे का होईना बरंच झालं, कारण मधल्या उघड्या समुद्रात लाट चांगली होती. ओकारीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, आम्ही समुद्राकाठचे, आम्हाला काय होतंय असं म्हणणारा मीच होतो आणि पिशवी घेऊन बसलेला पण मीच. ओर्का हेरिंगला गोळा करून पाण्याच्या पृष्ठभागाकडे ढकलतात आणि शेपटीचा फटका मारून बधीर करतात, मग एकेक उचलतात. बोटीवरून दिसतो तो पाठीवरचा काळा उंच पर आणि नाकपुडीचा फुस्स आवाज, त्या निळ्या उजेडात. हंपबॅकचा श्वास वाऱ्याने आमच्याकडे आला तर कुजलेल्या सुक्या माशांचा वास. जानेवारीच्या शेवटी बंद होतं, आणि जानेवारीच्या शेवटच्या दिवसांत हेरिंग निघून गेलेला असू शकतो, तेव्हा डिसेंबरची सुरुवात जास्त सुरक्षित.

रेनडियर आणि सामी लोक

सामी हे तिथले मूळ लोक, आणि त्यांना जुन्या पुस्तकांत लॅप म्हणतात तो शब्द वापरू नका, शिवीसारखा लागतो. कळपाकडे नेतात, बादलीतून चारा घालायला देतात, रेनडियर तोंड खुपसून बादली ओढतात, मग लाव्हू नावाच्या तंबूत चुलीभोवती बसवून बिदोस देतात, रेनडियरचं मांस, बटाटा, गाजर, बाकी मसाला म्हणाल तर मीठ. शेवटी कोणीतरी योइक गातं, शब्द कमी, सूर जास्त. रेनडियर चालताना पायातून टिक टिक आवाज येतो, शिरा हाडावरून सरकतात त्याचा, कळप जवळून गेला की शंभर घड्याळं चालल्यासारखं वाटतं. हिवाळ्यात शिंगवाली दिसतात त्यांत बऱ्याच माद्या, मोठे नर हिवाळ्याच्या सुरुवातीलाच शिंगं टाकतात. तुमचे किती रेनडियर हे विचारायचं नाही, ते बँकेत किती आहेत विचारल्यासारखं होतं. मावशीने विचारलंच, मी भाषांतर केलं नाही.

६ फेब्रुवारी हा सामींचा राष्ट्रीय दिवस, त्या आठवड्यात शहराच्या मुख्य रस्त्यावर रेनडियरच्या शर्यती होतात, मागे स्कीवर माणूस. आमची ती हुकली. तारखा जुळत असतील तर हुकवू नका.

शहरात, टूरशिवाय

वारा असला की टूर रद्द होतात, तेव्हा एक दिवस शहरासाठी असू द्या. केबल कारने स्तोरस्तायनेनला, ४२१ मीटर वर, दुपारच्या निळ्या उजेडात चढून दिवे लागेपर्यंत थांबा, एवढं एक करा. ती पण वाऱ्यात बंद असते. तिथेच खाली आर्क्टिक कॅथेड्रल, १९६५ चं, त्रिकोणी, आपल्या पांढऱ्या इगर्जींची सवय असलेल्याला विचित्र वाटेल. मुक्कामाचा दिवस मिळाला तर ध्रुवीय म्युझियम, बंदरावरच्या जुन्या लाकडी गोदामात. दक्षिण ध्रुवावर १९११ साली पहिला पोचलेला आमुंडसेन १८ जून १९२८ ला हरवलेल्या माणसांना शोधायला इथूनच विमानाने गेला आणि परत आला नाही, बरोबर पन्नास वर्षांनी त्याच तारखेला हे म्युझियम उघडलं. आत शिकारीचं, सील मारण्याचं बरंच आहे, लहान मुलांना सांभाळून. फुकटात ऊब हवी असेल तर सार्वजनिक लायब्ररी, काचेच्या भिंती, कोणी उठवत नाही.

खाणं, पिणं, पैसे

बाहेर जेवण महाग, एक कॉफी पन्नास क्रोनच्या आसपास, म्हणून किचनवाली खोली घ्या. नळाचं पाणी प्या, बाटली विकत घेऊ नका. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, बटाटे पण नाहीत. आम्ही तांदूळ, पोहे, मसाला, सोलां आणि तेफळं नेली. जानेवारी ते एप्रिल तिथे स्क्राय येतो, अंडी घालायला दूरच्या आर्क्टिक समुद्रातून पोहत आलेला कॉड, घट्ट पांढरा. तोच लोफोतेन बेटांवर लाकडी मांडवांवर बिनमिठाचा गार वाऱ्यात वाळतो, आणि मीठ लावून वाळवलेला पोर्तुगालला जातो, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ख्रिस्तांव शेजाऱ्यांकडे बाकाल्याव खाल्ला असेल तर तो बहुधा याचाच भाऊबंद. बायकोने डब्यातलं नारळाचं दूध घालून त्याचं हुमण केलं. तेलात फोडणी टाकली आणि छतावरचा धुराचा अलार्म असा कोकलला की खालच्या मजल्यावरची बाई वर आली. एक्झॉस्ट फुल, खिडकी उघडी, मग फोडणी, हे लक्षात ठेवा. बाईला वाटीभर हुमण दिलं, तिने वाटी धुऊन परत आणली.

दारूचं ऐका, कारण आपल्याला हे झेपत नाही. सुपरमार्केटात फक्त बिअर, तीही इतर दिवशी रात्री आठपर्यंत, शनिवारी सहापर्यंत, रविवारी नाहीच. वाइन आणि कडक सगळं सरकारी दुकानात, किंमत बघून तुम्ही आपोआप सुधाराल. काजूच्या फेणीची एक बाटली चेक-इन बॅगेत नेलीत तर कोणी काही म्हणत नाही, माणशी एक लिटर कडक दारू चालते. कॅश लागतच नाही, आम्ही सहा दिवसांत एक नोट पाहिली नाही.

व्हिसा शेंगेन, फी ९० युरो, ३०००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स सक्तीचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. जानेवारीत जायचं तर चवथ झाली की लगेच अपॉइंटमेंट घ्या, दिवाळीची वाट बघू नका. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनी हे वाक्य सोडून द्या. मोपाहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून युरोपात कुठेतरी बदलून ओस्लो, ओस्लोहून अजून दोन तास. ओस्लोत सामान घेऊन पुन्हा द्यावं लागू शकतं, तेव्हा दोन विमानांत तीन तास तरी असू द्या, बर्फामुळे उशीर होतो तो वेगळाच.

येताना ते खिळे टाकून येऊ नका. आमचे तिन्ही जोड परत आणले, आणि या जूनमध्ये मावशी ते चपलेवर चढवून मागच्या शेवाळलेल्या अंगणातून विहिरीवर जाते, शेजारणीने पण एक जोड मागितलाय.